फ्रंट लोड वॉशिंग मशीन: घरातल्या सगळ्यांना झेपेल का?

निळाई

आमचं टॉप लोड मशीन आता पिळताना इतकं खडखडतं की शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठतं. दुरुस्तीला आलेल्या दादांनीही "आता नवीनच बघा" असं सांगितलं.

घरात आम्ही पाच जण. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी लेक. मशीन सगळेच लावतात, ज्याला वेळ असेल तो. नवऱ्याचं मन फ्रंट लोडवर आहे, कारण पाणी कमी लागतं आणि कपडे जास्त स्वच्छ निघतात म्हणे. सासूबाईंचं म्हणणं, वाकावं लागेल, मध्येच राहिलेला मोजा टाकता येणार नाही, आणि काचेतून दिसतं तेवढ्याशा पाण्यात कपडे निघणार कसे? मला स्वतःला वासाची धास्ती आहे. एका मैत्रिणीकडे मशीनचं दार उघडलं की कुबट भपकारा येतो, आणि तिचे टॉवेलही तसेच वास मारतात.

कुठल्या कंपनीचं घ्यावं ही चर्चा नको, ती आमची आम्ही करू. जे रोज वापरतात त्यांनी मनापासून सांगा. वास येतोच का? खरंच अडीच-तीन तास लागतात का? आणि वेगवेगळ्या वयाच्या पाच माणसांच्या हातात हे मशीन नीट राहतं का?

टिकाऊ

घ्या. साबण निम्मा करा, दार उघडं ठेवा. बाकी सगळं जमतं.

वाळवण

आमच्याकडे बरीच वर्षं फ्रंट लोड आहे आणि मी पुन्हा दुसरं काही घेणार नाही.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या आईलाही हीच शंका होती. टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात पोहतात आणि खालची चकती किंवा मधला दांडा त्यांना घुसळतो. फ्रंट लोडमध्ये ड्रम आडवा असतो. आतल्या उंचवट्यांवर कपडे चढतात आणि वरून धपकन खाली पडतात. मळ निघतो तो या पडण्यामुळे, त्यामुळे तळाशी थोडं पाणी पुरतं. तेच पाणी कपड्यांत शोषलं जातं, म्हणून काचेतून ते जवळजवळ दिसतच नाही. सात-आठ किलोच्या मशीनमध्ये पूर्ण धुलाईला साधारण 50 ते 70 लीटर पाणी जातं. तेवढेच कपडे टॉप लोडमध्ये धुवायला आमच्या जुन्या मशीनला याच्या दुपटीहून जास्त लागायचं. बादल्या लावून मोजलं होतं.

आणि घुसळणं नसल्यामुळे कपडे एकमेकांत गुंतत नाहीत. शर्टाच्या बाह्यांच्या गाठी सोडवत बसायचं काम संपलं. सुती कपडे जास्त दिवस टिकतात असा माझा अनुभव आहे.

मला सगळ्यात आवडतं ते पिळणं. हवा दमट असते तेव्हा दोरीवर जाडे टॉवेल दोन-दोन दिवस ओले राहायचे, आता तसं होत नाही.

अनुस्वार

वाळवणताईंशी आदर ठेवून असहमत. मी फ्रंट लोड विकून पुन्हा टॉप लोडवर आलो आणि सुखी आहे.

माझ्याकडे टाकी आणि मशीन यांच्यात उंचीचा फरक फार कमी. मशीन पाणी भरायला लागायचं आणि थोड्या वेळाने पाणी येत नसल्याची खूण दाखवून थांबायचं. कंपनीचा माणूस दोनदा आला आणि दोन्ही वेळा "नळाला प्रेशर नाही" एवढंच सांगून गेला. विकताना हे कुणी विचारलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे. शिवाय माझी पाठ दुखते. ओल्या चादरींचं ओझं जमिनीलगतच्या दारातून ओढून काढणं रोजचं काम असेल तर त्याचा विचार आधी करावा. टॉप लोडमध्ये उभ्यानेच कपडे टाकतो, मनात आलं की झाकण उघडतो, पाऊण-एक तासात मोकळा होतो.

सगळ्यांनी फ्रंट लोडच घ्यावं हा आग्रह मला पटत नाही. घर कसं आहे ते बघून ठरवावं.

जुना_स्पॅनर

मी मशीन दुरुस्तीच्या कामात आहे. अनुस्वार यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि घेण्याआधी बघायची पहिली गोष्ट तीच.

माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. बऱ्याच मशीनना 0.3 ते 0.5 बार लागतो, काही त्याहून कमी दाबावर चालतात. हिशोब सोपा आहे. पाण्याच्या दर एक मीटर उंचीला साधारण 0.1 बार दाब मिळतो. म्हणजे 0.3 बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा 3 मीटर वर हवी, 0.5 साठी 5 मीटर. टाकी घराच्या अगदी डोक्यावर असेल तर वरच्या मजल्यावरच्या घरात पंचाईत होते. तिथे छोटा प्रेशर पंप बसवला की काम होतं, पण तो खर्च आणि ती जागा आधीच धरून चाला.

आधी चांगलं भरत होतं आणि हल्ली पाण्याची तक्रार दाखवतंय असं झालं तर मात्र दाबाला दोष देऊ नका. नळ बंद करा, मशीनमागचा पाण्याचा पाइप सोडवा. तो जिथे बसतो तिथे आत बारीक जाळी असते. पकडीने हळूच ओढली की बाहेर येते. वाळू आणि गंजाचे कण अडकून ती गच्च झालेली असते. ब्रशने धुऊन परत बसवा.

वासाबद्दल सविस्तर लिहितो, आत्ता कामावर निघालोय.

पाऊलवाट

@वाळवण, स्पिनचा आकडा किती ठेवता? दुकानात 1000, 1200, 1400 असे वेगवेगळे दिसतात. कपड्यांवर काही परिणाम होतो का?

मंद्रसप्तक

मी सांगतो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

ड्रमचा व्यास 50 सेंटिमीटर धरा. मिनिटाला 800 फेरे असतील तर कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 180 पट जोर येतो. 1000 ला 280 पट, आणि 1400 ला जवळजवळ 550 पट. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून आकडा थोडा वाढला तरी फरक मोठा पडतो. टॉवेल, चादरी, जीन्स यांना 1200 किंवा 1400 द्या. रोजचे शर्ट, सिंथेटिक कपडे 800 ला पुरे, नाहीतर चुण्या इस्त्रीनेही निघत नाहीत. लोकर 400-600 च्या वर नको. मशीन 1400 चं असलं तरी दर वेळी 1400 वापरायचं असं काही नाही, बटण दाबून कमी करता येतं.

आता वेळेबद्दल, कारण निळाईंनी ते विचारलंय आणि अजून कुणी उत्तर दिलं नाही. हो, सुती कपड्यांच्या काही प्रोग्रॅमना अडीच-तीन तास लागतात, आणि त्याला कारण आहे. हर्बर्ट सिनर नावाचे रसायनतज्ज्ञ हेन्केलमध्ये काम करत होते. त्यांनी 1959 मध्ये मांडलं की धुलाई चार गोष्टींवर उभी असते: रसायन म्हणजे साबण, यांत्रिक जोर, तापमान आणि वेळ. एक कमी केली की उरलेल्या तिघांनी ती भरून काढायची. ईको प्रोग्रॅम तापमान कमी ठेवतो, म्हणून वेळ वाढवतो. मशीन जास्त वेळ चाललं की वीज जास्त जाणार हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. नुसता ड्रम फिरवायला फार वीज लागत नाही. वीज खातो तो हीटर.

फक्त पाण्याचाच हिशोब करा. 15 लीटर पाणी 25 अंशांवरून 40 ला न्यायला साधारण पाव युनिट लागतं, 60 ला न्यायला 0.6 युनिट. दुपटीहून जास्त. मशीन अर्धा तास जास्त फिरलं तरी चालेल, पण गरज नसताना 60 लावू नका.

सुतळी

म्हणजे तीन तास चालणारं मशीन अर्ध्या तासाच्या क्विक वॉशपेक्षा कमी वीज खाऊ शकतं? हे आज कळलं. आमच्याकडे सगळे कपडे क्विकवरच जातात.

मंद्रसप्तक

@सुतळी, क्विकमध्ये तापमान किती ठेवता त्यावर अवलंबून आहे. थंड पाण्यात क्विक लावलंत तर वीज कमीच जाईल, पण कपडेही तेवढेच धुतले जातील. क्विक हा फक्त घामाचे, न मळलेले, थोडेसे कपडे ताजे करायचा प्रोग्रॅम आहे. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मशीनवर लिहिलेले 7 किंवा 8 किलो हे फक्त कॉटन प्रोग्रॅमसाठी असतात. सिंथेटिकला साधारण निम्मे, क्विकला दोन-तीन किलो, लोकरीला त्याहूनही कमी. पुस्तिकेत तक्ता असतो, तो दाराच्या आतल्या बाजूला नाहीतर भिंतीवर चिकटवून ठेवा. पाच माणसांच्या घरात फार उपयोगी पडेल.

टिकाऊ

तक्ता भिंतीवर लावायची कल्पना +१. आमच्याकडे आहे. माझे वडील चष्मा शोधत नाहीत, कारण मी तो मोठ्या अक्षरात लिहिलाय.

कवडसा

माझा अनुभव वासाचा. आमच्याकडे भाड्याच्या घरात आधीचं मशीन होतं, दार उघडलं की तोच भपका. दाराच्या रबराची घडी उलटून पाहिली तर आत काळी बुरशी, केसांचा गोळा आणि एक छोटा मोजा. रबर स्वच्छ केलं, महिनाभर काळजी घेतली, वास गेला. पण काळे डाग राहिलेच, ते काही निघाले नाहीत.

जुना_स्पॅनर

आलो. वास येतोच का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. पण मशीनची रचना अशी आहे की निष्काळजीपणा झाला तर येतो.

दार आडवं असल्यामुळे पाणी अडवायला त्याला रबराची गोल घडी लागते. त्या घडीत खालच्या बाजूला थोडं पाणी उरतं. धुऊन झाल्यावर लगेच दार लावून टाकलं की आत हवा खेळत नाही आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं: ओल, अंधार, कपड्यांचा मळ आणि साबणाचा चिकट थर. या चिकट थराकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो दिसतही नाही, कारण तो बाहेरच्या टबच्या आतल्या भिंतीवर आणि ड्रमच्या मागे साचतो.

थर कशाने साचतो? गरजेपेक्षा जास्त साबण, कायम थंड पाणी आणि दर वेळी कंडिशनर. ही तीन कारणं मला वासाच्या बहुतेक तक्रारींत एकत्रच सापडतात.

लोकांना वाटतं जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ. फ्रंट लोडमध्ये उलट होतं. फेस वाढला की कपडे फेसावर पडतात आणि आपटण्याचा जोरच राहत नाही. कित्येक मशीन फेस ओळखतात आणि थांबून-थांबून जादा पाण्याने विसळत बसतात. वेळही वाढतो आणि पाणीही. म्हणून कमी फेसाचा, फ्रंट लोडसाठी म्हणून मिळणारा साबणच वापरायचा. हाताने धुवायची पावडर अजिबात नको.

माझ्या गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगतो: धुऊन झालं की कपडे लगेच काढा, रबराची घडी जुन्या फडक्याने पुसा, दार बोटभर उघडं ठेवा, साबणाचा कप्पा अर्धा ओढून ठेवा. महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून 60 अंशांवर चालवा. ज्यांनी पहिल्या दिवसापासून हे केलं त्यांच्या रबराला काळा डाग नाही. कवडसा यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, बुरशी रबरात मुरली की डाग जात नाही. मग रबर बदलावं लागतं.

वाळवण

स्पॅनरदादा, सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. एक विचारते. पावडर बरी की लिक्विड? आमच्याकडे यावरून दोन पक्ष आहेत.

मंद्रसप्तक

मी पावडरच्या पक्षात. चांगल्या पावडरीत सोडियम परकार्बोनेट असतं. ते पाण्यात ऑक्सिजनवालं ब्लीच सोडतं, पांढरे कपडे उजळ ठेवतं आणि गरम धुलाईत मशीनही आतून स्वच्छ करतं. लिक्विडमध्ये ते घालता येत नाही, कारण पाण्यात ते टिकतच नाही. वेष्टनावर घटक वाचा, सगळ्याच पावडरींत असतं असं नाही.

धागादोरा

मी लिक्विडच्या पक्षात, आणि कारणं आहेत. गडद रंगांचे कपडे परकार्बोनेटने हळूहळू फिकट होतात. थंड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, काळ्या पँटवर पांढरे पट्टे उमटतात. तेलकट डागावर लिक्विड थेट चोळता येतं. घरात दोन्ही ठेवा. पांढरे आणि टॉवेल पावडरीत, रंगीत लिक्विडमध्ये. भांडायचं काहीच कारण नाही.

वाळवण

पटलं. आता दोन्ही पक्ष आनंदात राहतील :)

रानपाखरू

पाणी क्षारांचं असेल तर? आमच्याकडे गिझरचं एलिमेंट दर वर्षी पांढऱ्या दगडाने मढतं. मशीनच्या हीटरचंही तेच होत असणार.

जुना_स्पॅनर

होतंच. पाणी तापलं की क्षार हीटरवर बसतात. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो, आणि शेवटी हीटर जळतो. लीटरला 120 मिलिग्रॅमच्या वर कठीणपणा असेल तर पाणी कठीण समजतात, 180 च्या वर अतिकठीण. अशा पाण्यात साबणाचं प्रमाणही थोडं वाढवावं लागतं. "निम्मा साबण" हा सल्ला मृदू पाण्यासाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही. डब्यावर कठीण पाण्याचं वेगळं माप छापलेलं असतं, ते पाहा.

अधूनमधून डिस्केलर किंवा सायट्रिक ॲसिड घालून रिकामं मशीन चालवा. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. सायट्रिक ॲसिड आणि क्लोरीनवालं ब्लीच कधीही एकत्र घालू नका, एकामागोमाग एकही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो श्वासाला अत्यंत घातक आहे. व्हिडिओ पाहून लोक दोन्ही एकत्र ओततात, ते पाहून माझा जीव टांगणीला लागतो.

टिकाऊ

माझा "निम्मा साबण" मृदू पाण्यातला आहे, हे आत्ता लिहून ठेवतो.

चिमणदुपार

अवांतर, पण लिहितेच. आमचं मांजर मशीनसमोर बसून अख्खी धुलाई बघतं. ड्रम उलटा फिरला की मान दुसरीकडे वळते. पाहुणे आले की तेही टीव्ही सोडून मांजराकडेच बघत बसतात.

कवडसा

किती गोड! पण दार उघडं ठेवायचा सल्ला वाचून मला तुमच्या मांजराचीच काळजी वाटली. उबदार, अंधारी, गोल जागा म्हणजे त्यांची आवडती. मशीन लावण्याआधी दर वेळी आत हात फिरवून बघा.

चिमणदुपार

अगदी. आमच्याकडे तोच नियम आहे. आधी मांजर कुठे आहे ते बघायचं, मग दार लावायचं. दार बोटभरच उघडं ठेवतो आणि मध्ये फडक्याची घडी अडकवतो, म्हणजे हवा जाते आणि मांजर जात नाही.

वाळवण

लहान मुलांच्या बाबतीतही हेच. चाइल्ड लॉक म्हणतात तो बहुतेक मशीनवर फक्त बटणं बंद करतो, दार नाही. घरात रांगतं किंवा लपाछपी खेळणारं मूल असेल तर मशीनच्या खोलीलाच कडी लावा.

मंद्रसप्तक

अवांतर चालूच आहे तर आणखी एक. घरगुती स्वयंचलित वॉशिंग मशीनची सुरुवातच पुढच्या दाराने झाली. बेंडिक्स कंपनीने 1937 मध्ये अमेरिकेत आणलेलं मशीन काचेच्या गोल दाराचं होतं. तेव्हा ड्रमला झोके पेलणारी स्प्रिंगची व्यवस्था नव्हती, त्यामुळे ते जमिनीला बोल्टने पक्कं करावं लागायचं. आज मशीनच्या तळाशी आणि वरच्या बाजूला काँक्रीटचे किंवा लोखंडाचे जड ठोकळे असतात, ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि खालून शॉक ॲब्सॉर्बर असतात. उचलताना मशीन इतकं जड का लागतं, याचं उत्तर त्या ठोकळ्यांत आहे.

सुतळी

आमचं मशीन पिळताना चालत-चालत दारापर्यंत येतं. त्यालाही बोल्ट मारावे काय?

जुना_स्पॅनर

@सुतळी, नको नको. आधी एक बघा. नवीन आलं तेव्हा मागच्या बाजूचे लांब बोल्ट काढले होते का? ट्रान्झिट बोल्ट म्हणतात त्यांना. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून घातलेले असतात. ते तसेच राहिले तर मशीन उड्या मारतं आणि लवकर मोडतं. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना परत लागतात.

ते काढलेले असतील तर लेव्हल बघा. मशीनच्या वर पाणसळ ठेवा, पाय फिरवून सपाटी साधा आणि पायाची वरची नट घट्ट करा. ही नट ढिली राहिली की पाय हळूहळू पुन्हा फिरतो. मग दोन कोपऱ्यांवर तिरकस हात दाबून बघा, अजिबात डुगडुगायला नको. खाली रबराची मऊ पायपुसणी घालू नका, त्याने हेलकावे वाढतात.

तरीही चालत असेल तर कपडे कसे भरता ते सांगा. एकटी जाड सतरंजी किंवा एकच जीन्स टाकली की सगळं वजन एका बाजूला जातं. सोबत दोन-तीन टॉवेल टाका, वजन पसरतं. आणि रेनकोट, जलरोधक चादर असलं काही पिळायला कधीच लावू नका. त्यात पाणी कोंडून राहतं, वेगात असताना एकदम सरकतं, आणि ड्रम आपटून मशीन फुटल्याच्याही घटना आहेत.

सुतळी

बोल्ट काढलेले आहेत. एका पायाची नट बोटाने फिरतेय. आज संध्याकाळी घट्ट करतो. धन्यवाद!

अनुस्वार

स्पॅनर, एक प्रामाणिक प्रश्न. हे मशीन दुरुस्त होतं का? माझ्या भावाकडे बेअरिंग गेलं तर "पूर्ण टब बदला" म्हणाले, आणि तो खर्च ऐकून त्याने मशीनच बदललं. टॉप लोडमध्ये असं मी तरी ऐकलं नाही.

जुना_स्पॅनर

प्रामाणिक उत्तर देतो. हा फ्रंट लोडचा खरा दुबळा भाग आहे.

ड्रम मागून एकाच शाफ्टवर टांगलेला असतो, सगळा भार तिथल्या बेअरिंगवर. पुढचं पाण्याचं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, गंज चढतो आणि पिळताना विमान उडतंय असा आवाज येऊ लागतो. रिकामा ड्रम हाताने वर-खाली हलवून बघा. ड्रम आणि टब यांच्यात जाणवण्याइतका ढिलेपणा असेल तर वेळ आलीय. थांबलात तर शाफ्टही जातो.

पूर्वी टबचे दोन अर्धे स्क्रूने जोडलेले असायचे, ते उघडून बेअरिंग बदलता यायचं. आता पुष्कळ मॉडेलमध्ये दोन अर्धे प्लास्टिकने कायमचे जोडून टाकतात. तिथे पूर्ण टब बदलणं हाच अधिकृत उपाय. माझ्या मते हे ग्राहकावर अन्यायकारक आहे. शंभर भाग चांगले असताना एका बेअरिंगपायी मशीन भंगारात जातं. घेण्याआधी "टब उघडता येतो का, बेअरिंग वेगळं मिळतं का" हे जरूर विचारा. उत्तर देता न येणारा विक्रेता असेल तर दुसरीकडे जा. जितके लोक विचारतील तितका फरक पडेल.

दुसरा भाग म्हणजे स्पायडर. ड्रमच्या मागे तीन हातांचं ॲल्युमिनियमचं ओतीव असतं, ड्रम स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू, ओल आणि साबणाचा साचलेला थर एकत्र आले की ॲल्युमिनियम पोखरत जातं आणि एक दिवस हात तुटतो. म्हणून मी साबण कमी करा म्हणून इतका मागे लागतो. वास हा फक्त नाकाला कळणारा भाग आहे.

मोटर मात्र आता सुधारली आहे. जुन्या मोटरला कार्बन ब्रश असायचे, ते झिजायचे. इन्व्हर्टर मोटरला ब्रशच नसतात.

अनुस्वार

धन्यवाद. असं स्पष्ट सांगणारं कुणी आधी भेटलं असतं तर बरं झालं असतं. टॉप लोडबद्दलचं माझं मत तेच आहे, पण या धाग्यावर दोन्ही बाजू नीट आल्या.

मायेची_ऊब

मी सत्तरीच्या पुढची आहे. निळाई, तुझ्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

वाकणं हा बहाणा नसतो गं. माझे गुडघे दुखतात. मुलाने मशीनखाली घट्ट, खास त्यासाठीचा स्टँड बसवून दिला. दार बसल्या जागी हाताशी येतं. मी स्टुलावर बसते, मांडीवर टोपली घेते आणि कपडे ओढते. टॉप लोडमध्ये उलट मला तळाचा रुमाल काढायला टाचा उंचावून आत अर्धं शरीर घालावं लागायचं. उंचीने लहान असलेल्यांना फ्रंट लोड सोपं जातं, हे दुकानात कुणी सांगत नाही. तिला दोन्ही मशीनसमोर उभं करून एकदा खोटे-खोटे कपडे भरायला आणि काढायला लाव. तिचं तिलाच कळेल.

मधेच कपडा टाकायचं म्हणशील तर पहिली काही मिनिटं पॉज दाबलं की दार उघडतं, पाणी फार वर आलेलं नसलं आणि तापलेलं नसलं तर. काही मशीनच्या दाराला वेगळी छोटी खिडकीच असते. शेवटी धुऊन झाल्यावर दार लगेच उघडत नाही, एक-दोन मिनिटांनी खट्ट आवाज येतो, मग उघडतं. तोवर ओढाताण करायची नाही, एवढं सगळ्यांना सांगून ठेव.

निळाई

मायेची_ऊब, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. "बघ, यांना कळतं" म्हणाल्या आणि लगेच तयार झाल्या दुकानात यायला.

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकीतल्या पाण्याची उंची सासऱ्यांनी गच्चीवर जाऊन मोजली, चार मीटरच्या आसपास भरते. म्हणजे 0.3 बारचं मॉडेल चालेल, 0.5 चं नाही. टब उघडता येणारा आणि सोबत स्टँड मिळणारा असं बघतोय. तक्ता लिहायचं काम लेकीने घेतलंय. दार उघडं ठेवायचं आणि रबर पुसायचं काम ज्याने मशीन लावलं त्याचं, असं ठरलं.

शेवटची शंका. खाली उजवीकडे जे छोटं झाकण असतं ते काय असतं? मैत्रिणीने आजवर उघडलेलं नाही.

जुना_स्पॅनर

ड्रेन पंपाचा फिल्टर. नाणी, बटणं, केसांच्या पिना सगळं तिथे येऊन थांबतं. मशीन पाणी सोडत नसेल तर आधी तिथे बघा. उघडताना आतलं पाणी एकदम बाहेर येतं, म्हणून शेजारची बारीक नळी असेल तर तिची टोपी काढून पाणी उथळ ताटलीत सोडा, मग फिल्टर डावीकडे फिरवा. पाणी गरम असताना उघडू नका. महिना-दोन महिन्यांतून एकदा पुरे. मशीन बसवताना ते झाकण पूर्ण उघडेल एवढी जागा समोर ठेवा, आणि सांडपाण्याचा पाइप जमिनीवर टाकू नका, 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर हवा. नाहीतर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच बसतं.

टिकाऊ

आणि खोलीच्या दाराची रुंदीही मोजा. मशीन 60 सेंटिमीटर रुंद असतं, वरून वेष्टन.

निळाई

मोजली. 75 आहे. जाईल :)